विटेनबर्गच्या चर्चवरचा दगड

वाचकहो, आम्ही कधी विमानात बसू असे आम्हाला स्वप्नातही वाटले नव्हते. मुंबईच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, १९८२ च्या संपात नोकरी गेली, त्यानंतर उतारवयापर्यंत दुसऱ्यांच्या दारावर पहारा केला. मुलाची आई अंगणवाडीत सेविका होती. पण मुलाला राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली, तो शिकला आणि बर्लिन शहरात नोकरीला लागला. २०२३ च्या मे महिन्यात त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतले.

बर्लिनमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाने यादीच केली होती. आम्ही म्हटले, ते सगळे दाखव, पण एक ठिकाण आमच्या मनातले आहे, विटेनबर्ग. मुलगा हसला. "बाबा, तिथे तर गोरे म्हातारे टूरिस्ट जातात." आम्ही म्हटले, आम्हीही म्हातारेच आहोत.

आता हे नाव आमच्या मनात कुठून आले ते सांगतो. आमच्या चाळीच्या मागे पत्र्याचे विहार होते. तिथे रात्रपाळी नसेल त्या दिवशी ग्रंथवाचन चाले. एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. परमपूज्य बाबासाहेबांच्या 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथाचे वाचन चालू होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेले आणि करू न दिलेले ते भाषण. राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते, हे सांगताना बाबासाहेबांनी त्यात मार्टिन ल्यूथरचा दाखला दिला आहे. युरोपातल्या माणसाची राजकीय सुटका झाली, तिच्या आधी ल्यूथरची धर्मसुधारणा झाली होती, असा त्याचा भावार्थ. वाचणाऱ्याला कुणीतरी विचारले, "ल्यूथर म्हणजे तो अमेरिकेतला काळा पुढारी का?" तेव्हा कुणालाच नीट सांगता आले नाही. पुढे कळले की तो किंग, आणि हा त्याच्या चारशे वर्षे आधीचा जर्मन साधू. किंग यांचे वडील १९३४ मध्ये बर्लिनला धर्मपरिषदेला गेले होते. तिथून परतल्यावर त्यांनी स्वतःचे आणि पोराचे नाव मायकेलचे मार्टिन ल्यूथर केले. नाव बदलण्यात काय असते ते आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

बर्लिनहून विटेनबर्ग सुमारे शंभर किलोमीटर. जलद गाडीने पाऊण तासही लागत नाही. स्टेशनावरच्या फुलवालीकडून मुलाच्या आईने पांढऱ्या फुलांचा जुडगा घेतला. मोठ्या माणसाच्या समाधीला जायचे तर हात रिकामे नकोत, हा तिचा नेम. सोबत मुलगा, सूनबाई आणि आठ वर्षांची नात. सूनबाईंनी पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. परदेशात गेले तरी डबा सुटत नाही.

गाव एल्ब नदीच्या काठी आहे. स्टेशनाकडून जुन्या गावात शिरण्याआधी रस्त्याच्या कडेला एक ओकचे झाड लागते. मुलगा म्हणाला, "बाबा, हे बघा, इथे जाळलं त्याने." १० डिसेंबर १५२० रोजी ल्यूथरने पोपचे धमकीचे फर्मान इथे जाळले. त्याच होळीत चर्चच्या कायद्याचे ग्रंथही टाकले. आता आहे ते झाड मागाहून लावलेले आहे, पण जागा तीच मानतात. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, तोही डिसेंबरच. नातीला तेवढे सांगितले. तिने बोटे मोजली आणि म्हणाली, "चारशे सात वर्षं." पोरीचे गणित चांगले आहे.

तिथून सरळ रस्ता गावात जातो. दोन्ही बाजूंना जुनी उंच घरे, कडेने वाहणारे पाण्याचे छोटे पाट, सायकली. गाव मुंबईच्या एखाद्या वॉर्डाहूनही लहान. एका टोकाला ल्यूथरचे राहते घर, दुसऱ्या टोकाला किल्ल्याचे चर्च, मध्ये बाजारचौक आणि त्याला लागून दोन मनोऱ्यांचे गावचर्च, सेंट मेरीचे. ल्यूथर आयुष्यभर उपदेश द्यायचा तो या गावचर्चमध्ये. लग्न झाल्यावर त्याच्या मुलांचे बाप्तिस्मेही तिथेच झाले. साधूने लग्न केले, तेही मठातून पळून आलेल्या जोगिणीशी, म्हणून त्या काळी केवढा गहजब झाला असेल!

दारापाशी आलो आणि मुलाची आई थबकली. "अहो, चपला कुठे काढायच्या?" सूनबाई म्हणाल्या, "आई, इकडे चपला काढत नाहीत." तरी तिचा पाय पुढे पडेना. "आपण आत गेलं तर चालेल ना? कुणी काही म्हणणार नाही?" सत्तरीला आलेली बाई, पंचवीस वर्षे सरकारी नोंदवह्या भरलेली, पन्नास पोरांना एकटीने सांभाळलेली, ती चर्चच्या दारात असे विचारते. आमच्याही छातीत काहीतरी हलले, खोटे कशाला बोलू? आमच्या गावच्या देवळाच्या पायरीशी आमची आई नारळ जमिनीवर ठेवून चार पावले मागे सरायची, तेव्हा पुजारी तो उचलायचा. १९५६ नंतर आमच्या घरातून नारळ गेला, देऊळही सुटले. पण पायाला आठवण राहते. दारातल्या म्हाताऱ्या जर्मन बाईने हसून मान हलवली आणि आम्ही आत गेलो.

आतमध्ये पांढऱ्या भिंती, उंच कमानी आणि लाकडी बाके. समोर क्रानाख या चित्रकाराच्या घरच्यांनी रंगवलेली मोठी वेदी आहे. ती १५४७ साली इथे बसवली, ल्यूथर वारल्याच्या पुढच्या वर्षी. चित्रात येशूचे शेवटचे जेवण. मेज गोल आहे, गोल मेजाला वरची-खालची बाजू नसते. बसलेले शिष्य म्हणजे कोणी आकाशातून आलेले नाहीत, ओळखीची वाटावीत अशी माणसे. त्यांच्यात ल्यूथरही बसवला आहे, दाढीवाला, लपून राहत होता तेव्हाच्या वेशातला. बाहेरच्या बाजूने एक सेवक त्याच्या हाती प्याला देतो आहे.

मुलाने त्या प्याल्याचे सांगितले तेव्हा आम्ही त्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. ल्यूथरच्या आधी शेकडो वर्षे असा दंडक होता की प्रार्थनेत प्रसादाची भाकरी सगळ्यांना मिळायची, पण द्राक्षरसाचा प्याला फक्त धर्मगुरूने प्यायचा. सामान्य माणसाने त्याला ओठ लावायचा नाही. तो प्याला सगळ्यांना मिळाला पाहिजे, हे त्या चळवळीचे एक मोठे मागणे होते, आणि या गावात ते खरे झाले. आम्हाला दुसरे काही आठवणे शक्य नव्हते. २० मार्च १९२७, चवदार तळे, ओंजळभर पाणी. नात विचारत होती की प्याल्यात काय आहे. आजी म्हणाली, "हक्क आहे त्यात."

वेदीच्या खालच्या पट्टीवर ल्यूथर उपदेश देताना दिसतो आणि समोर बायामाणसे, लेकरे ऐकताना. त्याचा उपदेश जर्मन भाषेत असे. बायबलही त्याने जर्मनमध्ये आणले, नवा करार १५२२ ला आणि सगळे बायबल १५३४ ला. भाषांतर कसे करावे याबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. घरातल्या आईला विचारा, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या माणसाला, त्यांच्या तोंडाकडे पाहा, असे त्याचे म्हणणे. लोकांना लोकांच्या बोलीत सांगा, हे भगवान बुद्धांनी भिक्खूंना अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले होते. कुणी का असेना, शहाणा माणूस तिथेच येऊन पोचतो.

एवढे भरल्या मनाने आम्ही बाहेर पडलो आणि चर्चला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. तिथे एक देवदार आहे. नात पुढे धावली होती. तिथून तिने हाक मारली, "आजोबा, इथे वर डुक्कर का आहे?"

आम्ही वर पाहिले. भिंतीच्या कोपऱ्यावर, जमिनीपासून चारेक मीटर उंचीवर, वालुकाश्मात कोरलेले एक शिल्प. डुकरीण आहे. तिच्या स्तनांना माणसे तोंड लावून आहेत, त्यांच्या डोक्यावर त्या काळी ज्यूंना घालावी लागे तशी टोकदार टोपी. मागच्या बाजूला एक माणूस डुकरिणीची शेपटी उचलून आत पाहतो आहे. तो ज्यूंचा धर्मगुरू. हे शिल्प १२९० च्या सुमाराचे आहे. ज्यूंना डुक्कर निषिद्ध, म्हणून मुद्दाम डुक्कर कोरले. ज्यूंनी येता-जाता ते पाहावे आणि मान खाली घालावी. मुलगा म्हणाला, अशी शिल्पे जर्मनीतल्या आणखी बऱ्याच जुन्या चर्चवर आहेत.

ल्यूथरच्या जन्माआधीपासून ते तिथे होते, हे खरे. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. शिल्पाच्या वर अक्षरे आहेत, ती १५७० ला बसवली. ते शब्द ल्यूथरच्याच १५४३ मधल्या एका पुस्तकातून घेतलेले. त्या पुस्तकात त्याने या शिल्पाचे वर्णन करून ज्यूंच्या देवनामाची टर उडवली आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकात त्याने राजांना सल्ला दिला की ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळा, घरे पाडा, ग्रंथ काढून घ्या.

मुलाने हे सांगितले तेव्हा आम्हाला आधी खरेच वाटेना. आम्ही म्हटले, कुणी विरोधकाने लिहिले असेल त्याच्या नावावर. मुलगा म्हणाला, "नाही बाबा. त्याचंच आहे. छापलेलं आहे." मग त्याने आणखी सांगितले. १५२५ मध्ये जर्मनीतले शेतकरी उठले. वेठबिगारी नको, आमचा धर्मगुरू आम्ही निवडू, अशा त्यांच्या मागण्या होत्या, आणि त्यासाठी ते ल्यूथरच्याच शिकवणीचा आधार घेत होते. ल्यूथरने आधी दोन्ही बाजूंना समजावले, मग सरदारांची बाजू घेतली आणि शेतकऱ्यांना कापून काढा असे लिहिले. हजारोंनी मारले गेले.

मुलाची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "वरच्यांचा ग्रंथ जाळला तेव्हा बरा होता. मग खालच्यांची देवळं जाळायला का सांगितली?" हातातली फुले तिने खाली धरली होती, जुडगा उलटा.

शिल्पाच्या बरोबर खाली जमिनीत काशाची एक पट्टी बसवली आहे. ती १९८८ च्या नोव्हेंबरात बसवली. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली, दुकाने फोडली, त्याला तेव्हा पन्नास वर्षे होत होती. पट्टीवर चार फरशा एकमेकांशी दाबून बसवल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्या फटींतून खालचे काहीतरी वर उसळून येते आहे. फटीचा आकार क्रुसाचा. झाकायला गेले तरी झाकले जात नाही, असे. कडेने अक्षरे आहेत. नातीने ती जर्मन अक्षरे एकेक करत वाचली आणि आम्हाला मराठीत सांगितली. ज्या देवाच्या नावाची इथे टर उडवली, ते नाव क्रुसाच्या खुणेखाली साठ लाख ज्यूंमध्ये मेले, असा अर्थ. साठ लाख म्हणताना तिने बापाकडे पाहिले, आकडा बरोबर वाचला ना म्हणून.

शिल्प उतरवावे म्हणून एका ज्यू गृहस्थाने कोर्टात दावा लावला होता. खालच्या कोर्टांत तो हरला, वर गेला. १४ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की शिल्प नुसतेच असते तर तो अपमान होता, पण खाली पट्टी आणि शेजारी माहितीचा फलक लावल्यामुळे ते आता अपमानाचे चिन्ह न राहता इशाऱ्याचे चिन्ह झाले आहे. त्यानंतर चर्चनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की काढा. चर्चच्या मंडळाने त्याच वर्षी ठरवले की ठेवू. ज्यू लोकांमध्येही एकमत नाही म्हणतात.

आमच्यात तर मुळीच नव्हते. आम्ही म्हटले, उतरवा तो दगड. संग्रहालयात ठेवा, फोडा, काहीही करा. आमच्या आईबापांना रोज जो शब्द ऐकावा लागला, तो कुणी भिंतीवर कोरून ठेवला असता आणि वर म्हणाला असता की खाली पाटी आहे, ती वाचा, तर आम्ही ऐकून घेतले असते काय? ज्याला शिवी दिली त्याने मान वर करून शिवी बघायची आणि मान खाली घालून खुलासा वाचायचा, हा कुठला न्याय?

मुलाची आई म्हणाली, "आपल्या वाडीची पाटी आठवा."

हे वाचकांना सांगायला हवे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की जातीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची नावे बदलायची. आमच्या गावच्या वस्तीचे नावही बदलले. नवी पाटी लागली त्या दिवशी आम्ही इथून गावी पेढ्यांचे पैसे पाठवले होते. जुनी पाटी कुणी काढली, कुठे टाकली, कोण जाणे.

"पाटी गेली ते चांगलंच झालं," ती म्हणाली. "पण एसटीचा कंडक्टर अजून जुनंच नाव घेऊन ओरडतो. आणि ज्यांनी ते नाव ठेवलं, त्यांनी कधी कुठे लिहून ठेवलं का, की आमच्या बापजाद्यांनी हे केलं? देवळाच्या पायरीपाशी अशी पट्टी आहे का आपल्या गावात? इथे निदान त्यांनी आपल्याच दारात स्वतः लिहिलंय."

आम्ही म्हटले, "अगं, लिहायला सात-आठशे वर्षं लागली."

"लागली ना. लिहिलं पण."

सूनबाई मध्ये पडल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, लिहून झालं की लोक सुटले असं समजतात, तेही बरोबर नाही." ती म्हणाली, "मी कुठे म्हणते सुटले?" असे बराच वेळ चालले. एक जर्मन जोडपे येऊन उभे राहिले, वर पाहिले, खाली वाचले आणि काही न बोलता गेले. आमचे म्हणणे अजूनही तेच आहे की उतरवावा. तिचेही बदललेले नाही. घरी अधूनमधून हा विषय निघतो.

किल्ल्याच्या चर्चकडे जायचे राहिले होते. १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला ल्यूथरने तिथल्याच दारावर पंचाण्णव मुद्दे ठोकले अशी गोष्ट आहे. खरोखर खिळ्याने ठोकले की पत्राने पाठवले यावर विद्वानांचा वाद आहे, पण मुद्दे होते हे नक्की. पैसे भरून पापमुक्तीचा दाखला विकत मिळत असे, त्याविरुद्ध ते होते. रोमचे मोठे चर्च बांधायला पैसा हवा म्हणून ही विक्री. इथल्या राजाने आपल्या हद्दीत विक्रेत्याला येऊ दिले नाही, तर लोक हद्द ओलांडून दाखले आणायला जायचे. दक्षिणा देऊन पाप धुऊन घेणारी गिऱ्हाइके सगळ्या देशांत सारखीच. जुने लाकडी दार १७६० मध्ये लढाईत जळाले. आता काशाचे दार आहे, १८५८ चे, त्यावर ते सगळे मुद्दे लॅटिनमध्ये ओतलेले आहेत. मनोरा ८८ मीटरचा. लोक दारासमोर फोटो काढत होते. आम्हीही काढला.

आत व्यासपीठाच्या पायथ्याशी ल्यूथरची समाधी आहे. अगदी साधी, कुणी दाखवली नाही तर पुढे निघून जाल. आम्ही तिच्यापुढे उभे राहिलो. आयुष्यभर ज्याचे नाव मनात धरले तो माणूस इथे झोपला होता. बाबासाहेबांनी त्याच्याबद्दल जे सांगितले ते खरेच होते, गोल मेज खरे होते, प्याला खरा होता. आणि तो दगडही आम्ही नुकताच डोळ्यांनी पाहिला होता. आम्ही मुलाच्या आईकडे पाहिले. तिने फुले दिली नाहीत, आम्ही मागितली नाहीत. हात जोडले की नाही तेही आता आठवत नाही. नात म्हणाली, "आजी, फुलं वाळतील."

परत येताना त्याच रस्त्याने आलो. गावचर्चच्या मागे देवदाराजवळ मुलाची आई खाली बसली आणि तिने फुले काशाच्या पट्टीवर ठेवली. गुडघे धरून उठायला तिला वेळ लागला, सूनबाईंनी हात दिला. वर शिल्पाकडे तिने पाहिले नाही.

दोन फुले तिने मागे ठेवली होती. ती कशाला हे आम्ही विचारले नाही. स्टेशनाजवळ ओकचे झाड आले तेव्हा तिने ती नातीच्या हाती दिली आणि झाडाकडे बोट दाखवले. पोरगी पळत जाऊन ठेवून आली. गाडीला अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर बसून आम्ही डबा उघडला. चटणी तिखट झाली होती, नात पाणी पाणी करू लागली.